चातुर्मासातले चीज-कांदा वेफर्स

चोवीस वर्षं मी वेफर्स खायचा पगार घेतला. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "काकू, तुम्ही जॉब काय करत होता?" आणि मी हे उत्तर दिलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या पोटाकडे बघतो. बघा बापडे. शिकागोतल्या आपल्या मंडळींत हृदयाचे डॉक्टर आहेत, पूल बांधणारे आहेत, आणि त्यांचे लेख मंडळाच्या अंकात दर वर्षी येतात. यंदा मला लेख मागितला म्हणजे डॉक्टर संपले असणार.

मी मूळची सांगलीची. फूड टेक्नॉलॉजी शिकले, लग्न करून इकडे आले आणि एका इम्पोर्ट कंपनीत चिकटले ती रिटायर होईपर्यंत. परदेशातला खाऊ अमेरिकेत आणणं हे आमचं काम. देश सोडून आलेल्या माणसाला जे जे आठवतं ते सगळं आमच्या गोदामात यायचं. आपले पापड-लोणची होतीच, पण मोठा माल आयर्लंडचा. तिकडचा चहा, तिकडची बिस्किटं, आणि सगळ्यात जास्त तिकडच्या एका कंपनीचे बटाट्याचे वेफर्स. ब्रँडचं नाव मी लिहीत नाही. आयरिश माणसाला ते सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

पहिल्याच आठवड्यात मी आमचा मालक गॅरी याला विचारलं, "अरे, इथे प्रत्येक दुकानात भिंतभर वेफर्स असतात. मग हवा भरलेली पाकिटं समुद्रापलीकडून कशाला आणायची?"  त्याने मला गाडीत घातलं आणि शहराच्या वायव्येला आयलीनच्या दुकानात नेलं. आयलीनचं आयरिश सामानाचं छोटं दुकान, वर तिचं घर. त्या दिवशी आमचा माल उतरला होता आणि फुटपाथवर रांग होती. रांगेतला एक धिप्पाड पोलीस दुकानातून बाहेर आला, तिथेच उभ्या उभ्या चीज-कांदा चवीचं पाकीट फोडलं आणि खायच्या आधी त्यात नाक घालून डोळे मिटून उभा राहिला. कमरेला पिस्तूल, आणि तोंडावर शाळेतून घरी आलेल्या मुलासारखा भाव. मी चाटच पडले. खरं सांगते, आमच्या धंद्याबद्दलचा माझा सगळा तोरा त्या क्षणी उतरला.

पुढे हे वेड मला रोज दिसलं आणि तरी त्याची सवय कधी झाली नाही. एका नवऱ्या मुलीने लग्नात पाहुण्यांना द्यायला मिठाईऐवजी हीच पाकिटं मागवली होती आणि प्रत्येकाला हिरवी रिबन बांधली होती. विस्कॉन्सिनचे एक गृहस्थ तीन तास ड्राइव्ह करून यायचे आणि पाकिटं चुरडू नयेत म्हणून बायकोला मागच्या सीटवर बसवून खोकं पुढे ठेवायचे. वर त्याला बेल्ट लावायचे. एक बाई फोनवर कडाडल्या, की तुम्ही मला सहा महिने शिळा माल विकला. पाकिटावरच्या तारखेत तिकडे आपल्यासारखा आधी दिवस लिहितात आणि मग महिना, इथे उलटं, एवढाच घोळ. मी समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "अरे देवा, मी शिळे समजून नवऱ्याला दिले सगळे!" त्या नवऱ्याचं नशीब.

आता माझं काम सांगते. वेफर दिसायला सोपा. बटाटा कापा, तळा, मीठ टाका. पण बटाटा जुना असेल तर त्यात साखर वाढते आणि वेफर तळताना काळपट होतो. काप जाड झाला तर मऊ पडतो, पातळ झाला तर जळतो. आपल्या आया उन्हाळ्यात गच्चीवर हेच करायच्या आणि कुणी त्यांना टेक्नॉलॉजिस्ट म्हणत नव्हतं. पूर्वी म्हणे वेफर्सना चवच नसायची, पाकिटात मिठाची पुडी असायची. मग आयर्लंडमधल्या लोकांनी चीज आणि कांद्याची पूड थेट वेफर्सवर चढवायची युक्ती काढली. एवढ्याशा देशाने जगाला खायला लावलं की हो!

माल आमच्याकडे आला की प्रत्येक लॉटमधली काही पाकिटं माझ्या टेबलावर यायची. मी पाकीट दाबून हवा बघायची. एक वेफर कानाजवळ मोडून आवाज ऐकायची. उजेडात धरून रंग बघायची, मग वास घ्यायची. आणि शेवटी खायची. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण चीज-कांद्याचा वास इतका दांडगा असतो की आत तेल खवट व्हायला लागलं असेल तरी तो ते झाकून टाकतो. नाक फसतं. जिभेलाही पहिल्यांदा कळत नाही. गिळल्यावर, घशाच्या मुळाशी, दोन-तीन श्वासांनंतर कळतं. दिवाळीनंतर महिनाभर डब्यात राहिलेल्या चकलीचा जो वास असतो ना, तो. गॅरीने मला घेतलं तेच या जिभेपायी. इंटरव्ह्यूत त्याने पाच वाट्यांत पाच तेलं दिली होती आणि मी खवट वाटी शिवी हासडून बाजूला केली होती. शिवी मराठीत होती म्हणून नोकरी मिळाली.

रजिस्टरमध्ये पाच रकाने. हवा, आवाज, रंग, वास, चव. खाली माझी सही. ती सही झाल्याशिवाय खोकं हलायचं नाही.

आणि इथेच माझं कुठेतरी चुकलं. कुठेतरी कसलं, चांगलंच चुकलं.

आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. लग्न झालं त्या वर्षी सासूबाईंबरोबर मीही सुरू केलं आणि सासूबाई गेल्या तरी सोडलं नाही. बाकी मी काही फार देवभोळी नाही. पण एक गोष्ट आपण आयुष्यभर केली, शिकागोच्या बर्फातही आणि ऑफिसच्या पार्ट्यांतही केली, याचा मला भारी अभिमान होता. आषाढीच्या आधी कांदेनवमीला आपल्याकडे कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका असं सगळं चापून खाऊन घेतात, तशी मी ऑफिसात चीज-कांद्याचं एक मोठं पाकीट एकटीने संपवायची. गॅरी त्याला 'मॅडमचा सण' म्हणायचा. त्याला वाटायचं ती माझी मजा आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मी कांदा तोंडात घालत नाही, हे मी त्याला कधी सांगितलंच नाही.

मग ते चार महिने चव कशी बघायची? नव्हतेच बघत. हवा, आवाज, रंग आणि वास नेमाने बघायची आणि चवीच्या रकान्यात 'उत्तम' लिहायची. सुधीर, माझा नवरा, मला म्हणायचा, "तू अक्षरशः नाकाने कांदे सोलतेस. सांगून टाक ना यार त्याला, दुसऱ्या कुणाला तरी खायला देईल." मी म्हणायची, माझं नाक इतरांच्या जिभेपेक्षा बरं आहे. आणि वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. बिघडत नाही तोवर माणसाला आपलंच बरोबर वाटतं.

मग एका वर्षी उन्हाळा वाईट होता. आमचा एक कंटेनर रेल्वे यार्डात अडकून कितीतरी दिवस उन्हात तापत पडला. आमच्याच कागदपत्रांची दिरंगाई, कारखान्याचा त्यात काही दोष नाही. माल गोदामात आला तेव्हा श्रावण संपत आला होता. मी पाकीट दाबलं, वेफर मोडला, आवाज खणखणीत. रंग सोनेरी. वास घेतला तर कांदा असा भपकन आला की तोंडाला पाणी सुटलं. 'चव उत्तम.' सही.

दहा-बारा दिवसांनी आयलीनचा फोन आला. मी डेव्हन ॲव्हेन्यूवर, आपल्या देशी दुकानांत, गणपतीसाठी तांदळाची पिठी आणि गूळ घ्यायला गेले होते, पार्किंग शोधत फिरत होते. आयलीन कधी रडत नाही. ठसक्याची बाई, गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलून देईल आणि तो दुसऱ्या दिवशी परत येईल, असा कारभार. ती फोनवर रडत होती.

तिचे वडील मायकल नव्वदीचे. तरुणपणी आयर्लंड सोडून आले, इथे आयुष्यभर सिटी बस चालवली. मला ते चांगले माहीत होते. दुकानात खुर्ची टाकून बसायचे आणि मला दर वेळी विचारायचे, तुमच्याकडे बटाटा कसा करतात. गेल्या वर्षभरात त्यांचं विसरणं वाढलं होतं. आधी रस्त्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, आणि कधीकधी समोर बसलेल्या आयलीनचंही. वाईट म्हणजे, आपण विसरतोय हे त्यांना कळत होतं. जेवणावरून मन उडालं होतं. डॉक्टर म्हणाले, जे मागतील ते द्या. आणि फोनच्या आदल्या दिवशी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काहीतरी मागितलं. मऊ पांढरा ब्रेड, त्यावर जाड लोणी, मध्ये चीज-कांदा वेफर्स, आणि वरून तळव्याने दाबून कुर्रकन आवाज. आयरिश माणसाचं सँडविच. त्यांची आई करायची तसं.

आयलीनने आनंदाने पळत खाली जाऊन पाकीट आणलं. सँडविच केलं. मायकलनी एक घास खाल्ला, थांबले, दुसरा खाल्ला आणि ताटली सरकवून दिली. म्हणाले, "हे ते नाही." आयलीनने पाकीट दाखवलं. तेच पाकीट, तीच कंपनी. तिने स्वतः खाऊन बघितलं, तिला नेहमीसारखंच लागलं. "डॅड, हे तेच आहे," ती म्हणाली. तेव्हा ते पाकिटाकडे बघत म्हणाले, "म्हणजे हेही गेलं."

आयलीन मला सांगत होती, "माझं नाव विसरले तेव्हा ते रडले नव्हते गं. काल रडले. तेव्हापासून पाण्याशिवाय काही घेत नाहीत."

 तिला कळायचं काही कारण नव्हतं, पण मला त्याच क्षणी कळलं. मी विचारलं, "पाकिटावरचा लॉट नंबर वाच." तिने वाचला. तोच, उन्हात तापलेला.

गूळ-पिठी राहिली तिथेच. मी गाडी वळवली आणि तिच्या दुकानात गेले. तिने अर्धं पाकीट ठेवलं होतं. मी दुकानात उभं राहून, भाद्रपदात, एक चीज-कांदा वेफर तोंडात घातला. तीसेक वर्षांचं व्रत एका कुर्र आवाजात गेलं, आणि लाज अशी वाटत होती की त्याचं मला काहीच वाटलं नाही. आधी चीज आलं, मग कांदा, सगळं झकास. गिळलं. एक श्वास, दोन श्वास. आणि आली, घशाच्या मुळाशी, डब्यातली जुनी चकली. अगदी पुसट. शंभरातल्या नव्वदांना कळली नसती. आयलीनला कळली नव्हती, आणि तिचा जन्म या दुकानात गेलेला.

नव्वद वर्षांच्या त्या माणसाला कळली होती. लेकीचं नाव निसटत होतं, पण ती चव जशीच्या तशी जागेवर होती.  माझ्या धंद्यातली मोठमोठी माणसं मी पाहिली आहेत, पण अशी जीभ पाहिली नाही.

मी आयलीनला सगळं सांगितलं. चातुर्मास म्हणजे काय इथपासून ते सहीपर्यंत. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मीही हे वेफर्स सोडते. दर वर्षी. दुकानभर वासात उभी राहते आणि एक तोंडात घालत नाही. पण खाल्ले म्हणून वहीत लिहीत नाही."

 थोबाडीत बसल्यासारखी उभी राहिले. मग तिनेच माझा हात धरला आणि म्हणाली, "हे मला नको सांगूस. वर चल."

मायकल खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "तुम्ही बरोबर होता. माल खराब आहे. मी न चाखता सही केली. तुमची जीभ बरोबर आहे, माझी सही खोटी आहे." त्यांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं, आपण आजाऱ्याकडे बघतो तसं, उलटं मीच आजारी असल्यासारखं. म्हणाले, "तू फार चांगली बाई आहेस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतेस." मी शपथ घेतली. आयलीन मध्ये पडली. ते मान हलवत राहिले. विसरणाऱ्या माणसाला सगळे समजूत घालायला खोटं बोलतात हे त्यांना पाठ झालं होतं. आणि मी चातुर्मासातली पहिली खरी नोंद सांगत होते तर ती कुणी धरत नव्हतं.

तिथून थेट गॅरीकडे गेले. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, "सगळी." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने लॅबला नमुना पाठवला, तेल खवट निघालं, सगळा लॉट दुकानांतून परत बोलावला. मला काढलं नाही. चार महिन्यांसाठी चवीच्या रकान्यावर डिस्पॅचच्या बाईची सही सुरू केली. आधीच्या वर्षांत माझ्या नाकातून काय काय निसटून कुणाच्या ताटात पडलं असेल, हे मात्र मला आजही माहीत नाही. ते कळण्याचा आता काही मार्ग नाही.

पण मायकलचं काय? नवा कंटेनर यायला पाच-सहा आठवडे होते आणि ते पाण्यावर होते. शहरातली सगळी दुकानं आम्हीच रिकामी केली होती. आयलीनने दुकानाच्या दारावर कागद चिकटवला. 'डॅडसाठी चीज-कांद्याचं एक पाकीट हवंय. आयर्लंडहून हाताने आणलेलं. आमच्या दुकानातलं नको.' एवढंच.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, नाहीतर मलाच खरं वाटलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काउंटरवर पाकिटं यायला लागली. एक नर्स सुट्टीहून परतली होती, तिने बॅगेतली दोन आणून दिली आणि ड्युटीला पळाली. कुणाच्या बहिणीने पार्सल पाठवलं होतं, ते न फोडताच आलं. एका बाईने मुलाच्या वाढदिवसासाठी राखून ठेवलेलं पाकीट दिलं आणि मुलाला बरोबर आणलं, त्याने स्वतःच्या हाताने द्यावं म्हणून. विमानतळावरून कुणीतरी सरळ सुटकेस घेऊन आला आणि दुकानातच ती उघडली. पहिल्या आठवड्यात पाहिलेला तो पोलीसही आला, आता निवृत्त, केस पांढरे. ओळखीची नसलेली माणसं हातात पाकीट घेऊन यायची, काउंटरवर ठेवायची आणि "मायकलला सांगा" एवढं म्हणून जायची. काय सांगा, ते म्हणायची नाहीत. आपल्याकडे कुणाच्या घरी मेतकूट आलं की वाटीभर पोचवतात, ते मला ठाऊक होतं. पण स्वतःच्या सुटकेसमधलं शेवटचं पाकीट अनोळखी म्हाताऱ्याला द्यायचं? मी काउंटरच्या मागे उभी राहून नुसती बघत होते. या पाकिटांवर मी इतकी वर्षं शिक्के मारले, सह्या ठोकल्या, आणि त्यांत काय भरलेलं असतं ते मला त्या दिवशी समजलं.

रविवारी सकाळी आम्ही वर गेलो. आयलीनने ब्रेडला लोणी लावलं. नर्सने दिलेलं पाकीट मी आधी दाबून, मग ऐकून, मग बघून फोडलं. सवय. मायकलनी माझ्याकडे बोट केलं. "आधी तू," म्हणाले.

मी एक वेफर खाल्ला. गिळला. श्वास मोजत थांबले, आणि ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत थांबले. घशाच्या मुळाशी काही नाही. स्वच्छ. "उत्तम आहे," मी म्हटलं.

आयलीनने सँडविचवर तळवा दाबला. कुर्र झालं. मायकलनी दोन्ही हातांनी ते धरलं आणि चावलं. सावकाश चघळत होते. डोळे मिटलेले. आयलीनने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. त्यांनी गिळलं. थांबले. आणखी थांबले. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं गुरुजी वहीतली चूक दाखवतात.

"उत्तम कसलं?" ते म्हणाले. "मीठ जास्त झालंय. आयलीन, तुला कळतंय का?"

"हो डॅड," ती म्हणाली. रडत होती आणि हसत होती.

"मला कळतंय," मायकल म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.